जाधवबाईंचा प्रश्न

गेल्या वर्षी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं माझ्या भाच्याच्या आजाराबद्दल सांगत होत्या आणि मी मोठ्यानं हसले. माझ्या बहिणीनं टेबलाखालून मला असा चिमटा काढला की आठ दिवस वळ होता.

भाच्याला रक्ताचा कॅन्सर. औषधं झाली, आजार गेला, परत उलटला, परत औषधं झाली, परत उलटला. आता एक नवी उपचारपद्धत करून बघू, असं ठरत होतं. डॉक्टर तरुण होत्या, कागदावर गोल काढून समजावून सांगत होत्या. "मावशी, आपण यांच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढायच्या. या पेशी एरवी शरीराचं रक्षण करतात, पण कॅन्सरला त्या ओळखत नाहीत. प्रयोगशाळेत त्यांच्यात असा बदल करायचा, की कॅन्सरच्या पेशीवरची खूण त्यांना ओळखता येईल. मग त्यांची संख्या वाढवायची आणि परत यांच्याच अंगात सोडायच्या."

"म्हणजे शिकवून परत पाठवायच्या?" मी विचारलं.

"हो, तसंच म्हणा हवं तर."

आणि मला हसू फुटलं. ते थांबेचना. कारण हे वाक्य मी याआधी ऐकलं होतं. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, रत्नागिरीत, अंगाला न मावणारा पांढरा कोट घातलेल्या एका बाईच्या तोंडून. तेव्हा सगळं सभागृह हसलं होतं.

भाचा आता बरा आहे. परवाच फोन करून त्यानं हापूसची पेटी मागितली, तीही हक्कानं. पण ही त्याची गोष्ट नाही. ही जाधवबाईंची आहे.

विमल जाधव त्यांचं नाव. माळनाक्याजवळ डॉ. मराठ्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती, दोन खोल्या आणि पुढे पडवी. तिथं बाई टेक्निशियन होत्या आणि मी रिपोर्ट टाइप करायची. बाई उंच, रुंद, चाळिशीच्या. कोटाची मधली दोन बटणं कधी लागली नाहीत. डोक्यात अबोलीची वेणी. आणि हसणं असं, की नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना लॅब उघडल्याचं त्यावरून कळायचं. डॉ. मराठे बारीक, हळू बोलणारे गृहस्थ. ते अधूनमधून आतल्या खोलीतून बाहेर येऊन म्हणायचे, "बाई, जरा बेतानं हसा. पेशंट बरा झाला म्हणून हसताय की गेला म्हणून, ते बाहेर बसलेल्यांना कळत नाही."

"गेला तर मी हसेन काय, साहेब?" असं म्हणून बाई त्यावरही हसायच्या.

त्या मूळच्या संगमेश्वर तालुक्यातल्या. एरवी आमच्यासारखं बोलायच्या, पण आनंद झाला, राग आला किंवा भूक लागली की गावची बोली बाहेर यायची. वडिलांबद्दल एकच वाक्य नेहमी सांगायच्या. "बाबासाहेबांच्या मागनं आमी बौद्ध झालो तेव्हा माझ्या बापानं पयली गोष्ट काय केलान सांगू? दुसऱ्या दिवशी मला शाळेत घातलान. नाव नाय, गाव नाय, चप्पल नाय, पण पाटी होती!"

त्यांचे यजमान पोफळीच्या वीजघरात कामाला होते. शनिवारी यायचे, रविवारी दुपारच्या गाडीनं जायचे. आमच्याकडे वीज वरचेवर जाई आणि गेली की बाई ओरडायच्या, "दाबलान! आमच्या मालकांनी बटण दाबलान!" मग मायक्रोस्कोप उचलून खिडकीशी न्यायच्या, त्याचा खालचा आरसा फिरवून उन्हाची तिरीप धरायच्या आणि काम पुढे चालू. "सूर्य काय पोफळीतनं येत नाय," म्हणायच्या.

नोकरीचा माझा पहिला दिवस. मी टाइपरायटरची रिबन बदलत होते. बाई आल्या, माझं बोट धरलं आणि "बघू" म्हणत टोचलं. मी किंचाळायच्या आत काचेवर थेंब पसरला होता. वीस मिनिटांनी त्यांनी मला मायक्रोस्कोपवर वाकवलं.

"बघ, ही तू. आता सांग, काय दिसतंय?"

गुलाबी चकत्यांची गर्दी होती. मधेच जांभळ्या ठिपक्यांचं काहीतरी.

"त्या गुलाबी तांबड्या पेशी, त्यांचं सोड. ही जांभळी बघ. ह्या पांढऱ्या पेशी, रंग आपण घातलेला. तीन-चार गाठींची, ही न्यूट्रोफिल, जखम झाली की पयली धावते. आणि ही गोल गरगरीत टकली, ही लिम्फोसाइट. ही हुशार. एकदा गोवर बघितलान की जन्मभर ओळखते. तू साठ वर्षांची झालीस तरी ही म्हणेल, हा मेला मागे येऊन गेला होता."

माझ्या आत इतकी हुशारी आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. घरी तर नाहीच नाही.

शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं, हे रोजचं काम. मोजायचं यंत्र होतं, ते बिघडलेलं. बाईंनी चार वाट्या मांडल्या होत्या आणि चिंचोके. डोळा मायक्रोस्कोपला, हात वाट्यांवर, आणि तोंडानं भोंडल्याच्या चालीवर मोजणं चालू. लोक बाहेर बसून ऐकत. एकदा एक रिक्षावाला रिपोर्ट न्यायला आला तर बाई पडवीतून ओरडल्या, "पोटात जंत झालेत रे तुझ्या! तुझ्या रक्तानंच सांगितलान!" तो दोन महिने लॅबसमोरून रिक्षा नेत नव्हता.

पण एक रिपोर्ट मला आठवतो, तो त्यांनी स्वतः टाइप केला. मिऱ्याकडचा विशीतला एक मुलगा होता, बापाबरोबर मासेमारीला जाणारा. ताप हटत नव्हता. काचेवर जिकडेतिकडे मोठमोठ्या, अर्धवट वाढलेल्या जांभळ्या पेशी. रक्ताचा कॅन्सर. महिन्याभरात मुलगा गेला. बाईंनी त्याच्या काचा फेकल्या नाहीत. पुढे कितीतरी दिवस, काम संपलं की त्या त्यातली एक काढून बघत बसायच्या.

"काय बघता?" मी एकदा विचारलं.

"हे बघ. ही त्याची कॅन्सरची पेशी. आणि ही तिच्या बाजूला, खेटून, त्याचीच चांगली लिम्फोसाइट. अगदी अंगाला अंग लावून गो. आणि ओळखलान नाय! गोवर ओळखते, कांजिण्या ओळखते, आणि घरात शिरलेला हा ओळखत नाय? का?"

बाईंनी डॉ. मराठ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "कारण ती आपल्याच शरीराची पेशी असते, बाई. शरीराला ती परकी वाटत नाही."

"मग तिला सांगायला पायजे, की बाय, ही तुझी नाय!"

"कोण सांगणार?"

"तेच तर विचारतेय!"

तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. आणि बाईंच्या डोक्यात जे बसे ते माळनाक्यावर सगळ्यांना कळे.

त्याच सुमारास गावातल्या डॉक्टर मंडळींनी एक व्याख्यान ठेवलं. मुंबईहून रक्ताच्या आजारांचे मोठे तज्ज्ञ, डॉ. कर्णिक, येणार होते. स्लाइड दाखवायचा प्रोजेक्टर आमच्या लॅबचा, म्हणून तो चालवायला जाधवबाई, आणि खोके उचलायला मी. व्याख्यान छान झालं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, कुणाला काही शंका? डॉक्टर लोक घड्याळाकडे बघायला लागले. जेवण मागच्या खोलीत मांडलेलं होतं, सुरमईचा वास येत होता. आणि प्रोजेक्टरमागून आवाज आला, "मला हाय!"

सगळ्यांनी माना वळवल्या. डॉ. मराठ्यांनी डोळे मिटले.

"साहेब, आपल्या लिम्फोसाइट गोवर ओळखतात, मग ह्या कॅन्सरला का नाय ओळखत? आणि नाय ओळखत तर त्यांना बाहेर काढून, बाटलीत घालून, ह्याला ओळख, ह्याला मार, असं शिकवून परत त्याच माणसाच्या अंगात सोडलं तर?"

पुढच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. डॉ. कर्णिक स्वतः हसले. "म्हणजे पेशींची शाळा काढायची म्हणता! बाई, हजेरी कोण घेणार?"

सभागृह खो खो हसलं. आणि सगळ्यांत मोठ्यानं जाधवबाई हसल्या.

परतताना रिक्षात प्रोजेक्टर माझ्या मांडीवर होता. मलाच अपमान झाल्यासारखं वाटत होतं. "बाई, वाईट वाटलं का हो?"

"वाईट? कशाला गो? ध्यानात आलं नाय तुझ्या?" बाईंचे डोळे चमकत होते. "प्रश्न चुकीचा असता तर एवढ्या मोठ्या माणसानं चूक दाखवलान असतान. त्यानं नुसता हसलान. म्हणजे त्याला पण म्हायत नाय! कुणालाच म्हायत नाय!" आणि त्यांनी आनंदानं माझ्या मांडीवर अशी थाप मारली की प्रोजेक्टर खाली पडता पडता राहिला.

पुढच्या पावसाळ्यानंतर स्वाती आली.

सात वर्षांची पोर, मालगुंडची. बाप मुंबईला गोदीत कामाला. आई शेवंती तिला कडेवर घेऊन आली होती, एवढी मोठी मुलगी, पण चालवत नव्हतं. पांढरीफटक, पायावर काळेनिळे डाग. बाईंनी बोट टोचताना विचारलं, "शाळेत जातेस काय?" तर ती म्हणाली, "जाते, पण बाई मारतात. तुम्ही पण टोचता. सगळ्या बाया सारख्याच." बाई खदखदून हसल्या.

मग काच रंगवून झाली, बाईंनी डोळा लावला, आणि चिंचोक्यांचा आवाज थांबला. मोजणं थांबलं. त्यांनी दुसरी काच घेतली, तिसरी घेतली. मग उठून डॉ. मराठ्यांना बोलवून आणलं. मी टाइप करत होते. त्या खोलीत माझ्या टाइपरायटरचा आवाज एवढा मोठा येतो हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी शेवंतीला सांगितलं, रक्ताचा कॅन्सर आहे, मुंबईला न्यायला हवं, लगेच. शेवंती चिपळूणच्या पुढे कधी गेली नव्हती. बाईंनी कोट काढून खुंटीला लावला. "साहेब, मला चार दिवस रजा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिघी गेल्या. पुढचं मला बाईंनीच साभिनय करून दाखवलं. डॉ. कर्णिकांच्या ओपीडीबाहेर शेकडो माणसं, शिपाई आत सोडेना. बाईंनी त्याच्या खांद्यावरून आत ओरडून सांगितलं, "साहेब, मी रत्नागिरीची! शाळावाली!" डॉ. कर्णिकांनी मान वर केली, आठवलं, आणि हसत म्हणाले, "या बाई. विद्यार्थी आणलात?"

"एकच आणलाय साहेब. पास करायचाय."

स्वातीला तिथं ठेवून घेतलं. इंजेक्शनं, गोळ्या, पाठीच्या कण्यात सुया. केस गेले. पण दीडएक महिन्यानं रक्तातल्या त्या वाईट पेशी दिसेनाशा झाल्या. डॉ. कर्णिकांनी बजावलं, हे काम दोन-अडीच वर्षांचं आहे, मधे सोडायचं नाही. अमुक दिवसांनी मुंबईला यायचं, आणि मधल्या वेळात रत्नागिरीला दर आठवड्याला रक्त तपासून कळवायचं.

दर सोमवारी मग स्वाती यायची, डोक्याला रुमाल बांधून. औषधानं चांगल्या पेशीही मरत आणि परत वाढत. बाईंनी तिला समजावलं होतं, भाताचा तरवा जळला तरी बी आहे, रोपं परत येतील. पोर शेतकऱ्याच्या घरची, तिला ते पटलं. ती बोट पुढे करून विचारायची, "आज किती उगवली?" संख्या वाढली असली की बाई वाटीतले चिंचोके तिच्या रुमालावर उधळायच्या. कमी असली की म्हणायच्या, "आज घरात बसायचं, गर्दीत जायचं नाय, पाणी उकळून प्यायचं," आणि मग मला चिठ्ठी टाइप करायला सांगायच्या.

पाच-सहा महिने असं चाललं. मग एका सोमवारी स्वाती आली नाही. पुढच्याही नाही. मुंबईची तारीख जवळ आली. मालगुंडच्या एका ओळखीच्या बाईकडून निरोप आला, थोरल्या काकानं औषध बंद केलंय.

रविवारी सकाळी सात वाजता बाई माझ्या दारात. हातात टोपली, टोपलीत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. "चल. मालगुंडला."

"त्यात काय आहे?"

"मायक्रोस्कोप."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"चिठ्ठी ठेवलेय." ती चिठ्ठी डॉ. मराठ्यांनी पुढे कितीतरी वर्षं जपून ठेवली होती. त्यात एवढंच होतं, 'मायक्रोस्कोप मालगुंडला गेला आहे. संध्याकाळपर्यंत येईल. सोबत मी आहे, काळजी नसावी.'

एसटीत बाई टोपली मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टर वाकून बघायला लागला. "बाळ काय? तीनच्या वर असला तर अर्धा तिकीट."

"वय बरंच हाय ह्याचं," बाई म्हणाल्या, "पण एकच डोळा हाय बिचाऱ्याला. कुणाला दाखवत नाय."

कंडक्टरनं हळहळून मान हलवली आणि उतरेपर्यंत आम्हाला पुढच्या सीटवर बसवलं. मला हसू दाबताना घाम फुटला.

दत्तारामकाका म्हणजे स्वातीचे थोरले काका, घरातले कर्ते. धाकटा भाऊ मुंबईला, त्यामुळे इकडचा सगळा शब्द त्यांचा. माणूस वाईट नव्हता. घरापुढच्या खळ्यात बसून जाळ्याची दोरी वळत होते. आम्हाला बघून उठले, पाणी मागवलं, आणि मग म्हणाले, "बाई, तुमी आलात बरा झाला. पण आता पोरीला नाय पाठवणार. तिचा हाल बगवत नाय. रात्रंदिवस ओकते. हाडा ऱ्हायलीत."

स्वाती दारात उभी होती. बाईंना बघून तिनं गुपचूप बोट पुढे केलं.

बाईंनी वाद घातला नाही. टोपली उघडली. खळ्यात मायक्रोस्कोप मांडला, आरशात ऊन धरलं. तोपर्यंत वाडीतली पंचवीस-तीस माणसं गोळा झाली होती. बाईंनी आधी माझं बोट टोचलं, मग स्वातीचं, मग कुणी मागितलं त्याचं, आणि पिशवीतल्या बाटलीतला रंग काचांवर ओतला. रांगच लागली! एक म्हातारे आपलं रक्त बघून म्हणाले, "अजून बरा हाय की रे," आणि बायकोला बोलवायला गेले. अर्धा तास नुसता जत्रेसारखा गलका.

मग बाईंनी पिशवीतून एक जुनी काच काढली, स्वातीची पहिल्या दिवसाची. "दादा, या. ही बघा. हा जांभळा चिखल दिसतोय? हा तिचा आजार. आता ही आजची बघा."

दत्तारामकाकांनी एक डोळा मिटून बघितलं. एकदा ही, एकदा ती. बराच वेळ. मग सरळ उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सगला साफ हाय!"

"साफ हाय!" बाई आनंदानं म्हणाल्या.

"तो चिखल गेला?"

"गेला!"

"मग औषध कशाला आता? आजार गेला! पोरीला मासे-भात घाला की!"

सगळी वाडी म्हणाली, बरोबर, बरोबर. शेवंतीच्या तोंडावर पण आशा दिसली. आपल्याच हातानं जाधवबाईंनी आपला दावा घालवला होता. दोन वर्षं औषध का, तर काचेवर दिसत नाही एवढं कुठंतरी लपून राहिलेलं असतं म्हणून. पण जे दिसत नाही ते दाखवायचं कसं?

बाई मटकन ओट्यावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. वर बघितलं. खळ्याच्या कडेला कलमी आंबा होता आणि त्याच्या एका फांदीवर बांडगुळाचा हिरवागार झुपका.

"दादा," त्या सहज म्हणाल्या, "ते बांडगूळ तोडत का नाय?"

"तोडला की! गेल्या साली मीच चढलो होतो. पार साफ केला."

"मग हे?"

"ता परत आला. बांडगुळाचा असाच असता बाई. वरना दिसत नाय, पण मुळी फांदीच्या आत घुसलेली ऱ्हाते. वरवर छाटून काय होतंय? आतपातूर खरवडून काढायला होवी, दोन-तीन साला पाठ धरायला होवी, तेव्हा कुठं..."

आणि दत्तारामकाका थांबले. त्यांनी बांडगुळाकडे बघितलं, मग स्वातीकडे, मग बाईंकडे. बाईंनी नुसत्या भुवया वर केल्या.

मागून ते म्हातारे म्हणाले, "दत्ता, तू तर डॉक्टर झालास रे!"

सगळं खळं हसलं. काका पण हसले, आधी ओशाळून, मग पोट धरून. हसता हसताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेवंती," ते म्हणाले, "मुंबईची गाडी सकाळी किती वाजता?"

त्या दिवशी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. येताना टोपलीत मायक्रोस्कोपच्या शेजारी दोन नारळ आणि सुकटाची पुडी होती. लेन्सला सुकटाचा वास पुढे महिनाभर येत होता. डॉ. मराठे दर वेळी मायक्रोस्कोपवर वाकले की नाक मुरडायचे.

स्वातीची औषधं पुढे पूर्ण झाली. शेवटच्या तपासणीला ती आली तेव्हा तिच्या दोन आखूड, ताठ वेण्या होत्या. आणि योगायोग असा, की त्याच दिवशी टपालानं मुंबईहून एक जाड पाकीट आलं, 'श्रीमती विमल जाधव' या नावानं. आमच्या लॅबमध्ये बाईंच्या नावानं कधी पोस्टकार्डापेक्षा मोठं काही आलं नव्हतं. त्यांनी ते उघडायला माझ्याकडे दिलं. हात ओले आहेत म्हणाल्या. नव्हते.

आत इंग्रजी कागदांच्या झेरॉक्स होत्या आणि वर मराठीत चिठ्ठी. मी मोठ्यानं वाचली. "जाधवबाई, त्या दिवशी तुमच्या प्रश्नावर मी हसलो. परदेशात काही माणसं नेमका तोच प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत बसली आहेत, असं आता वाचनात आलं. सोबतचे कागद पाहा. माझं हसू मी परत घेतो. कर्णिक."

मी आणि बाई डिक्शनरी घेऊन बसलो. अर्धे शब्द तिच्यात नव्हतेच. शेवटी डॉ. मराठे आले, चष्मा वर करून उभ्यानंच वाचायला लागले. मग बसले. "बाई," ते म्हणाले, "यांनी टी पेशी घेतल्या आहेत, म्हणजे तुमच्या लिम्फोसाइटच. त्यांच्या जनुकांत एक नवा तुकडा बसवलाय. त्यामुळे ती पेशी एरवी जे ओळखत नाही ते ओळखायला लागते. आणि ओळखून मारते."

"कॅन्सरला?"

"अजून सगळं काचेच्या भांड्यातच आहे. पण वाट तीच आहे. तुमचीच."

बाई उठल्या. त्यांनी डॉ. मराठ्यांच्या हातातले कागद काढून माझ्याकडे दिले, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि फुगडी घालायला सुरुवात केली!

डॉ. मराठ्यांचं वजन बाईंच्या निम्मं. पहिल्या दोन फेऱ्यांत ते "बाई, बाई, अहो बाई" म्हणत होते. तिसऱ्या फेरीला चष्मा गेला. चौथ्या फेरीला मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, ते हसत होते, तोंड उघडून, एखाद्या पोरासारखे. पडवीतले पेशंट दारात गर्दी करून उभे, लघवीच्या बाटल्या हातात घेऊन. स्वाती टाळ्या पिटत होती. पाचव्या फेरीला ती मधे घुसली आणि तिघंही कपाटावर आदळले.

धापा टाकत, जमिनीवर बसूनच डॉक्टर म्हणाले, "पण बाई, माणसाला हे द्यायचं म्हणजे अजून किती वर्षं जातील कुणी सांगावं. वीस, तीस, जास्तसुद्धा. आपण असू-नसू."

"नसू तर नसू!" बाई वेणी सारखी करत म्हणाल्या. "प्रश्न बरोबर होता, एवढं कळायला तर मी हाय ना!"

स्वाती आज मालगुंडला पर्यटकांसाठी खाणावळ चालवते. तिची मुलगी कॉलेजात आहे. दत्तारामकाका गेले. डॉ. मराठेही गेले.

ऐंशीचं दशक संपता संपता बाईंच्या यजमानांना पोफळीच्या वसाहतीत मोठी खोली मिळाली, तिथल्या दवाखान्यात बाईंनाही काम मिळालं, आणि त्या रत्नागिरी सोडून गेल्या. लॅबमध्ये मोजायचं नवं यंत्र आलं. ते टिकटिक करायचं. माळनाक्यावर लॅब उघडली की बंद आहे, ते आता कुणाला कळेना.

पुढे एकदाच त्या मला दिसल्या. मी कराडला एका लग्नाला निघाले होते, एसटीनं. घाट चढायच्या आधी पोफळीशी गाडीचा वेग जरा कमी झाला. रस्त्याच्या कडेला वसाहतीतल्या सात-आठ बायका उभ्या राहून ओरडत होत्या, आणि एका मोठ्या पुरुषी सायकलवर, नऊवारी कासोटा मारून, जाधवबाई! मागे कॅरिअर धरून त्यांचे यजमान धावत होते, एका पायातली चप्पल गेलेली. "सोडा!" बाई ओरडत होत्या. "सोडा म्हणते ना!" आणि त्या बिचाऱ्यांनी सोडलं.

मी खिडकीतून हात बाहेर काढून हाका मारल्या. त्यांचं लक्ष नव्हतं. आमची गाडी वर चढू लागली. मी मान वळवून बघत राहिले तोवर त्या लांब, लहान होत खाली निघाल्या होत्या, पदर मागे उडतोय, बायका मागे पळतायत. तिथून रस्ता सगळा उताराचा होता, आणि बाई ब्रेक लावत नव्हत्या.